फेसाआडचा धंदा

(पडद्यावर: लंडनचं उपनगर. विटांच्या घरांची रांग, भिंतीला टेकवलेली शिडी, खाली बादली.)

टिमी ली. खिडक्या पुसणारा हडकुळा पोरगा. घराघरांतल्या बायका त्याला भलत्याच कामासाठी आत बोलावतात, आणि दर वेळी याचीच भंबेरी उडते. एका घरात स्वयंपाकघरभर साबणाचा फेस होतो. दोघं त्यात घसरतात, आपटतात, आणि सेन्सॉरला खटकेल अशा ठिकाणी फेस बरोब्बर येऊन बसतो. प्रणय कमी, फजिती जास्त.

हा १९७४ चा चावट ब्रिटिश विनोदीपट, 'कन्फेशन्स ऑफ अ विंडो क्लीनर'. समीक्षकांनी सोलून काढला, पब्लिकने डोक्यावर घेतला. पैसा कोलंबिया पिक्चर्सचा, म्हणजे अमेरिकेचा. दिग्दर्शक व्हॅल गेस्ट, ज्यांनी आधी नावाजलेले विज्ञानपट केले होते. टिमी झाला रॉबिन आस्क्विथ. त्याच्या दाजींच्या भूमिकेतले अँथनी बूथ पुढे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचे सासरे झाले. १९७७ पर्यंत आणखी तीन भाग निघाले. मसाला तोच, नायकाची नोकरी तेवढी वेगळी.

(पडद्यावर: रिकाम्या खुर्च्यांचं मोठं थिएटर.)

असले सिनेमे काढायची पाळी का आली? १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे १६३ कोटी तिकिटं खपत होती. १९७० मध्ये उरली १९ कोटी. प्रेक्षक घरी टीव्हीसमोर बसला होता, आणि साठच्या दशकात लंडनमध्ये पैसा ओतणाऱ्या हॉलिवूडच्या कंपन्यांनी हात आखडता घेतला होता. टीव्हीवर दिसणार नाही असं काहीतरी दाखवणं भाग होतं. १९७० मध्येच 'एक्स', म्हणजे फक्त मोठ्यांसाठीच्या, प्रमाणपत्राची वयोमर्यादा १६ वरून १८ झाली. प्रेक्षक सज्ञान ठरल्यावर सेन्सॉरनेही हात जरा सैल सोडला.

आणि मग ईडी. आपली नव्हे, हे सर विल्फ्रेड ईडी, ब्रिटिश अर्थखात्यातले अधिकारी. त्यांच्या नावाची 'ईडी लेव्ही' १९५० मध्ये सुरू झाली, १९५७ मध्ये तिला कायद्याचं बळ मिळालं. प्रत्येक तिकिटामागे थोडी रक्कम कापायची आणि ती ब्रिटिश निर्मात्यांना वाटायची. वाटायची कशी? ज्याचा गल्ला मोठा, त्याचा वाटा मोठा. देशी सिनेमा जगावा म्हणून केलेली ही सोय. पण गल्ल्याला दर्जा कळत नाही. त्यामुळे अंगावर फेस घेऊन घसरणाऱ्या टिमीसारख्यांनाही या निधीचं दार उघडंच होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा विनोद हाच, आणि तो एकाही पटकथेत नाही.

एका पटकथेने मात्र या धंद्याचीच टर उडवली. १९७५ च्या 'एस्किमो नेल'मध्ये तीन होतकरू पोरं सिनेमा काढायला निघतात. पैसे लावणाऱ्या प्रत्येकाला वेगळाच सिनेमा हवा असतो: एकाला कुंग फू, दुसऱ्याला उघडंनागडं, तिसऱ्याला सहकुटुंब बघण्याजोगा. दिग्दर्शक होते मार्टिन कॅम्पबेल. हो, 'गोल्डनआय' आणि 'कसिनो रोयाल'वाले. ज्यांवरून टिमीचे सिनेमे निघाले, त्या कादंबऱ्या टोपणनावाने लिहिणारे क्रिस्टोफर वुडही पुढे बाँडपटांच्या पटकथेपर्यंत पोचले.

'माइंड युवर लँग्वेज'मधले ब्राउन सर आठवतात? आपल्याकडे 'जबान संभाल के' ज्यावरून निघाली, ती मालिका. ते बॅरी इव्हान्स १९७६ मध्ये 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अ टॅक्सी ड्रायव्हर'चे नायक होते. पुढे कामं मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांनी पोटासाठी खरोखरच टॅक्सी चालवली.

(पडद्यावर: लंडनमधलं सोहो, ग्रेट विंडमिल स्ट्रीट. भिंतीवर निळी गोल स्मृतिपाटी.)

इथे मुलँ थिएटर होतं. १९७७ च्या एप्रिलमध्ये 'कम प्ले विथ मी' लागला आणि २०१ आठवडे हलला नाही. रौप्यमहोत्सव मोजायचे तर आठ. पैसा प्रौढांची मासिकं काढणाऱ्या डेव्हिड सुलिव्हन यांचा. त्यांनी आपल्याच मासिकांतून मॉडेल-नटी मेरी मिलिंग्टनच्या नावाचा एवढा गाजावाजा केला, की लोक तिच्यासाठी रांगा लावू लागले. पडद्यावर ती येते जेमतेम काही मिनिटं. बाकी वेळ जुने विनोदी नट आपले घिसेपिटे विनोद उगाळत बसतात. सिनेमा अगदीच सुमार आहे, हे सांगायला समीक्षक कशाला हवा?

मेरीच्या मागे पोलिसांच्या धाडी लागल्या, करखात्याचा तगादा लागला. ऑगस्ट १९७९ मध्ये, ३३ व्या वर्षी, तिने आयुष्य संपवलं. मुलँमध्ये तो सिनेमा त्यानंतरही दीड वर्षाहून जास्त चालला. भिंतीवरची पाटी तिच्याच नावाची आहे, २०१४ मध्ये लागलेली.

तोवर व्हिडिओ कॅसेट आली होती. जे बघायला कॉलरआड तोंड लपवून थिएटरात शिरावं लागे, ते घरी पडदे ओढून बघता येऊ लागलं, आणि तेही फेसाशिवाय. १९८५ मध्ये ईडी लेव्ही रद्द झाली. या सिनेमांचे निर्माते त्याआधीच दुसऱ्या धंद्यांना लागले होते.