रेबीजचं बिल कोण भरतं?

रेबीज म्हटलं की कुत्रा, चावा आणि इंजेक्शन एवढंच डोळ्यासमोर येतं, पैशाचा विषय निघतच नाही. पण 2015 साली संशोधकांच्या एका गटाने सगळ्या जगाचा हिशोब मांडला आणि त्यात असं निघालं की कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजने वर्षाला साधारण 59 हजार माणसं मरतात आणि नुकसान होतं जवळपास 860 कोटी डॉलरचं. दरवर्षी, बरं का.

आता हे पैसे जातात कुठं ते बघा. अर्ध्याहून जास्त, म्हणजे सुमारे 55 टक्के, हे अकाली मृत्यूचं नुकसान, माणूस जगला असता तर त्याने पुढे जे कमावलं असतं ते. मरणाऱ्यांत दहातली चार तर 15 वर्षांखालची मुलं असतात, त्यामुळे हा आकडा आणखी फुगतो. जिवाची अशी किंमत लावणं ऐकायला कसंतरीच वाटतं, पण बजेट करणाऱ्यांना दुसरी भाषा कळत नाही त्याला काय करणार.

मग येतो चावल्यानंतरचा खर्च. जगात वर्षाला 2 कोटी 90 लाखांच्या आसपास लोक कुत्रा किंवा दुसरा प्राणी चावल्यावर लस घेतात. लस एका फेरीत संपत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं, प्रत्येक वेळी गाडीभाडं, त्या दिवशीची मजुरी बुडाली, आणि चावलेलं पोर असेल तर सोबत मोठं माणूस लागतंच, म्हणजे त्याचाही रोज गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रवास आणि बुडालेली कमाई धरून हा खर्च माणशी सरासरी 108 डॉलर होतो, आणि ज्यांना तो करावा लागतो त्यातले कित्येक दिवसाला एक-दोन डॉलर कमावणारे. मग लोक दोन डोस घेतात आणि पुढचे सोडून देतात, त्यांना बेफिकीर म्हणणं सोपं आहे.

खर्च कमी करायच्या युक्त्या आहेत, नाही असं नाही. लस स्नायूत न देता कातडीत दिली की एक बाटली बऱ्याच जणांना पुरते, पण उघडलेली बाटली 6 ते 8 तासांत संपवावी लागते, त्यामुळे रोज गर्दी असलेल्या मोठ्या दवाखान्यात हे जमतं आणि लांबच्या छोट्या केंद्रात, जिथे दिवसाला एखादाच पेशंट येतो, तिथे उरलेली लस फेकूनच द्यावी लागते. खोल जखमेला लागणारं सीरम, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं, तर अजून महाग, ते आधी वजनाच्या हिशोबाने सगळं टोचायचे, 2018 पासून जमेल तेवढं जखमेत आणि जखमेच्या कडेला द्या, उरलेलं दुसऱ्या पेशंटला वापरता येईल, असा सल्ला आहे. शिवाय एकूण नुकसानातले 6 टक्के गुरंढोरं मेल्याचे.

आणि कुत्र्यांच्या लसीकरणावर किती? दीड टक्क्याहूनही कमी! माणसांना होणारा 99 टक्के रेबीज कुत्र्यांमुळे, आणि खर्चाचा अगदी छोटा तुकडा कुत्र्यांच्या वाट्याला. मला विचाराल तर यात मूर्खपणा कमी आणि खात्यांची वाटणी जास्त आहे, म्हणजे चावलेल्याचा खर्च आरोग्य खात्याचा, कुत्र्याच्या लशीचा पशुवैद्यकीय खात्याचा, आणि पशुवैद्यकीय खात्याने पैसे घातले तर वाचतात ते आरोग्य खात्याचे. मग कोण कशाला घालेल?

शिवाय हे काम एकदा करून भागत नाही. साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस द्यावी लागते आणि जुनी मरतात, नवी पिल्लं होतात म्हणून वर्षानुवर्षं देत राहावी लागते. आफ्रिकेतल्या चाडची राजधानी एन्जामेना, तिथे 2012 आणि 2013 मध्ये मोठी मोहीम झाली, कुत्र्यांमधला प्रसार काही महिने चक्क थांबला, पण नंतर रोग परत आला. तिथला हिशोब असा निघाला की फक्त चावलेल्यांना लस देत बसण्यापेक्षा कुत्र्यांचं लसीकरण स्वस्त पडतं, पण ते दिसायला 10 ते 15 वर्षं जातात. निवडणुका त्याआधी येतात.

मेक्सिकोने मात्र नेट लावला. 1990 च्या सुमाराला देशभर कुत्र्यांना फुकट लस सुरू केली, मध्येच सोडली नाही, आणि 2019 मध्ये कुत्र्यांमुळे माणसांना होणारा रेबीज संपवल्याचा शिक्का मिळवला.

हल्ली मदतही येतेय. गरीब देशांना माणसांच्या लशीसाठी 2024 पासून गावी (Gavi) या लशींसाठी पैसा पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडून पाठबळ मिळतंय, आणि कुत्र्यांच्या लशीसाठी जागतिक पशुआरोग्य संघटनेची लस बँक आहे, एकत्र मोठी खरेदी करून स्वस्तात देणारी. पण लस विमानतळावर उतरली म्हणजे कुत्र्याला लागली असं होत नाही, पुढे गाडी, पेट्रोल, बर्फाच्या पेट्या, आणि कुत्रं धरायला न घाबरणारी माणसं लागतात, आणि तो खर्च बहुतेक ठिकाणी त्याच पशुवैद्यकीय खात्याने आपल्या बजेटमधून काढायचा असतो.