पांढरी अंडी, सोनेरी टॅडपोल

पावसाळ्याचे पहिले मोठे पाऊस झाले की वेताळ टेकडीवरच्या खाणीत आणि पुण्याच्या कडेच्या मोकळ्या प्लॉटमधल्या खड्ड्यांत पाणी साठतं. रात्रभर डराव डराव चालतं आणि सकाळी अंडी दिसतात.

जेलीच्या लांब दोऱ्यातले हे काळे मणी भेकाचे. काळा रंग मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचा. उघड्या पाण्यात तो उन्हातले अतिनील किरण अडवतो.

आता बेडकाचं अंडं जवळून. अर्धं गडद, अर्धं फिकट. फलन झालं की साधारण तासाभरात ते जेलीच्या आत फिरतं आणि गडद बाजू वर येते. घोसात काही अंड्यांची पांढरी बाजू वरच राहिली असेल, तर ती बहुतेक फळलेली नाहीत. पुढे ती गढूळ होतात, त्यांवर पांढऱ्या तंतूंची बुरशी धरते आणि शेजारच्या अंड्यांपर्यंत पोचते.

पण पांढरं दिसलं की मेलेलं, असं समजू नका. पाण्यावर झुकलेल्या फांदीवरचा हा फेस झाडबेडकाचा. आतली अंडी मुळातच फिकट असतात. फेसाच्या आत ऊन पोचत नाही.

आणि हा सोनेरी टॅडपोल, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू! त्वचेत मेलॅनिन नाही, पण पिवळी रंगद्रव्यं शिल्लक आहेत. डोळा पाहा. लालसर असेल तर अल्बिनो, म्हणजे डोळ्यातही मेलॅनिन नाही. काळा असेल तर ल्युसिस्टिक, म्हणजे डोळ्यातलं मेलॅनिन शाबूत. अंड्याचा रंग मात्र आईकडून येतो. त्यामुळे अल्बिनो पिल्लूही काळ्या अंड्यातून निघू शकतं, आणि रंग नंतर उतरतो.

टॅडपोल तपासायचा तर त्याच डबक्याचं पाणी पांढऱ्या बशीत घ्या. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. हाताला डासांचं मलम नको. सावलीत, दहापट भिंगाने, दोन-चार मिनिटं पाहा आणि तिथेच परत सोडा. रात्री टॉर्चच्या उजेडात फिकट दिसला तर दिवसा पुन्हा पाहा. अंधारात त्वचेतलं रंगद्रव्य पेशीच्या मध्याशी गोळा होतं, म्हणून धडधाकट टॅडपोलही फिका पडतो.

रंग वेगळा दिसला म्हणून डबक्यात औषध ओतू नका. आणि पावसाळ्यात भराव टाकला, तर त्या डबक्यातली त्या वर्षीची सगळी पिल्लं जातात.

फोटो वरून एक, बाजूने एक, डोळ्याचा एक घ्या. तारीख आणि जागेसह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका.