जिव्हाळा सोपा, सर्व्हिसिंग अवघड

मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेवर छापलंय "भरवशाचा रोबो कसा घडवावा", आणि त्यावर मी येणारच आहे, पण आधी कुत्र्याची गोष्ट सांगू द्या, ती झाल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही, आमच्या घरी सगळ्यांना ती पाठ आहे.

१९९९ साली सोनीनं आयबो नावाचा रोबो कुत्रा काढला. किंमत अडीच लाख येन, तरी जपानसाठी ठेवलेले ३,००० कुत्रे इंटरनेटवर वीस मिनिटांत खलास. गुलाबी बॉल दिसला की त्याच्या मागे जायचा, शेपूट हलवायचा आणि मूड नसला की हाक मारली तरी ढिम्म. हे ढिम्मपण मुद्दाम घातलेलं, बरं का! पुढे २००६ मध्ये उत्पादन बंद, २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद. आता एखाद्या आजींचा कुत्रा लंगडायला लागला तर त्यांनी जायचं कुठे? तेव्हा सोनीतल्याच जुन्या इंजिनिअरांची ए-फन म्हणून कंपनी पुढे आली. पण सुटे भाग कुणी बनवतच नव्हतं, म्हणून कायमचे बंद पडलेले आयबो घ्यायचे आणि त्यांचे भाग दुसऱ्यांना बसवायचे, आणि त्याआधी चिबा भागातल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात रीतसर अंत्यसंस्कार. कुत्रे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला कुठल्या गावचा, कुठल्या घरचा अशी चिठ्ठी, समोर भिक्षू मंत्र म्हणतायत. २०१८ पर्यंत आठशेच्या आसपास झाले असे.

हसताय? दसऱ्याला स्कूटरला झेंडूचा हार घालणाऱ्यांनी हात वर करा. झालं तर मग!

माझं म्हणणं एवढंच की जीव लावायला माणसाला निमित्त पुरतं. १९६६ मध्ये वायझेनबाउम या अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञानं एलायझा नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम लिहिला, नुसती अक्षरं, चेहरा नाही न् काही नाही, तरी त्याची सेक्रेटरी त्यालाच म्हणाली, जरा बाहेर जाता का, आम्हाला बोलायचंय. आणि रोबोवाले अजून पापण्यांची उघडझाप सुधारत बसलेत. अहो, पापण्यांचं सोडा, बिघडला तर येणार कोण ते सांगा! आमच्याकडे ॲपवर चालणारा पंखा आहे, कंपनीनं ॲप गुंडाळलं, तेव्हापासून तो एकाच स्पीडवर आहे, सुदैवानं मधल्या.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग मुख्य विषय भराभर.

एक, रोबोनं आव आणू नये. जपानच्या शिबाता या संशोधकांनी पारो नावाचा रोबो बनवला तो सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लाचा, कारण मांजर केलं की लोक खऱ्या मांजराशी ताडून बघतात, सील कुणी पाळलाय? डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, पेशंटना त्याचा उपयोग होतो, २००९ मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही मिळाली.

दोन, जास्तीचा विश्वास हाही धोकाच. जॉर्जिया टेक या अमेरिकेतल्या विद्यापीठानं २०१६ मध्ये खोटी आग लावून, म्हणजे धूर सोडून, प्रयोग केला. रोबो लोकांना मागच्या बाजूला न्यायला लागला, आल्या वाटेचं दार समोर होतं, तरी लोक त्याच्याच मागे, आधी तो चुकलेला बघूनसुद्धा! म्हणून "मला खात्री नाही" हे रोबोला सांगता यायलाच हवं, शिकवायला अवघड आहे पण हवं.

तीन, आणि हे माझं आवडतं, कंपनी बुडाली तर? जिबो नावाचा टेबलावरचा रोबो ८९९ डॉलरला घेतला लोकांनी, २०१९ मध्ये त्यानंच सांगितलं की माझे सर्व्हर बंद होणार. २०२४ च्या डिसेंबरात लहान मुलांच्या मॉक्सी नावाच्या रोबोची तीच गत, कंपनीनं पोरांना समजवायला पत्र दिलं! पण त्यांनी नंतर घरच्या कॉम्प्युटरवर मॉक्सी चालेल असं सॉफ्टवेअर खुलं केलं, हे मात्र बरं केलं. हीच अट विकतानाच बिलावर घालायला लावा, कंपनी गेली तर सॉफ्टवेअर ग्राहकाचं. एवढं केलं तर पापण्या नसल्या तरी चालतील.

हो काकू, विचारा. नाही, सीलला खायला नाही लागत. चार्जर चोखणीसारखा केलाय, तोंडात द्यायचा की झालं.