कमरेला बांधलेला माग

(पडद्यावर अंधार. फक्त जंगलाचे आवाज.)

ऐकताना वाघाचा भास होतो. ही माकडं आहेत, झाडांच्या शेंड्यांवर बसून घुमणारी. ग्वाटेमालाच्या उत्तरेला, पेतेनच्या जंगलात, तिकाल या माया लोकांच्या प्राचीन शहरात उजाडतं ते यांच्या आवाजानं.

धुकं खाली बसतं आणि हिरव्या पसाऱ्यातून देवळांचे दगडी माथे वर येतात. चौथ्या क्रमांकाचं हे देऊळ आठव्या शतकातलं, साधारण ६५ मीटर उंच. गाडीचं चाक नाही, ओझ्याचं जनावर नाही, लोखंडाचं हत्यार नाही. जे वाहिलं ते माणसांनी पाठीवरून, कपाळाला पट्टा लावून.

तो पट्टा लक्षात ठेवा.

(आतित्लान तलाव. चढावर मोळी घेऊन जाणारा म्हातारा.)

तिकालपासून खूप दक्षिणेला, डोंगराळ मुलखात, तोच पट्टा. इथं त्याला मेकापाल म्हणतात. मागे आतित्लान तलाव. ज्वालामुखीच्या महास्फोटानंतर जमीन खचली, त्या खड्ड्यात हे पाणी साठलं. खोली ३०० मीटरच्या वर. काठावर तीन ज्वालामुखी आणि माया लोकांची गावं. देशात बावीस माया भाषा आहेत. सान हुआन ला लागुना या गावात बोलतात ती त्सुतुहिल.

(अंगण. हातांचं जवळून दृश्य.)

हा कापूस रंगवलेला नाही. बोंडातूनच असा मातकट तपकिरी येतो. नाव इश्काको. सरकी बोटांनी काढायची, मग दोन काठ्यांनी बडवत राहायचं, गादीसारखा पसरेपर्यंत. मग चाती. तिचं टोक वाडग्यात टेकवलंय, बघा, आणि धागा निघतोय.

निवडुंगाच्या पानावर हा पांढरा बुरशीसारखा थर दिसतो, ते किडे आहेत. तळहातावर एक चिरडला की गडद लाल. वर लिंबू पिळलं की तोच रंग नारिंगीकडे झुकतो. आपल्या ‘किरमिजी’ या शब्दाच्या पोटातही कृमीच आहे. रंग पक्का बसावा म्हणून इथं केळीच्या खुंटाचं पाणी वापरतात.

आता धागा खुंट्यांच्या फळीवर. प्रत्येक फेऱ्याला मधे तिढा. कापडाची लांबी आणि रुंदी इथंच ठरते, म्हणून या वेळी विणणाऱ्या बाईशी कुणी बोलत नाही. आम्हीही कॅमेरा घेऊन लांब उभे होतो.

(खांब, दोर, काठ्या.)

आणि हा माग. आपल्याकडच्या हातमागाला खोली लागते. याला एक खांब पुरतो, किंवा झाड. एक टोक तिथं बांधायचं, दुसरं कमरेमागून घेतलेल्या पट्ट्याला. याही पट्ट्याला मेकापालच म्हणतात. ती गुडघ्यांवर बसते, मागे रेलते, उभे धागे ताठ होतात. जरा पुढे झुकली की सैल. म्हणजे मागाचा ताण तिच्या पाठीत आहे. ती उठली की उरतात नुसत्या काठ्या.

नक्षीचा कागद कुठेच नाही. बोटं उभे धागे मोजतात, रंगीत धागा घालतात, लाकडी पातं तो ठोकून बसवतं. हात पोचेल तेवढाच पन्हा, म्हणून वीपिल, म्हणजे बायकांच्या अंगातला सैल सदरा, दोन-तीन पट्टे जोडून होतो. एका चांगल्या वीपिलला महिने जातात. माया कुंभारांच्या जुन्या मृण्मूर्तींमध्येही अशी कमरेला माग बांधलेली बाई आहे.

(सान्तियागो आतित्लानचा बाजार.)

पलीकडच्या काठावर वीपिल बदलतो: जांभळ्या पट्ट्या, गळ्याभोवती भरलेले पक्षी. या आजींच्या डोक्याभोवती लांबच लांब पट्टी गुंडाळून केलेलं लाल वर्तुळ आहे, तोकोयाल. देशाच्या २५ सेंटावोच्या नाण्यावर हाच वेढा ल्यालेली याच गावची बाई आहे. कपड्यावरून गाव ओळखू येतं, आणि ३६ वर्षांच्या यादवीत तेच जिवावर बेतायचं. कित्येकींनी वीपिल उतरवून ठेवला. दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, बहुतेक माया. १९९६ साली तह झाला.

आता याच बाजारात यंत्रावर छापलेले स्वस्त वीपिल टांगलेले आहेत. नक्षीवर गावांचा हक्क मानावा म्हणून २०१६ साली विणकर बायका देशाच्या घटना न्यायालयात गेल्या.

(पुन्हा अंगण. तलावावर लाटा.)

दुपारचा वारा सुटलाय, शोकोमिल. होड्या काठाला लागतात. ती पट्टा सोडते, काठ्या कापडासकट गुंडाळते, बगलेत धरते. चुलीवर चुन्याच्या पाण्यात मका शिजतोय, तो उतरवायचा आहे. पाटा धुऊन ठेवलाय.