31 ऑक्टोबर की 1 नोव्हेंबर? जर्मनीत सुट्टी नक्की कुणाला!

नमस्कार मंडळी! ऑक्टोबर उजाडला की माझ्याकडे एकच प्रश्न येतो: "ताई, सुट्टी 31 ला की 1 ला?" यंदा हिंजवडीतून एकाने वैतागून लिहिलंय, "आमच्या टीममधला हॅम्बुर्गवाला 31 ला गायब, म्युनिकवाला 1 ला गायब आणि बर्लिनवाली दोन्ही दिवस ऑनलाइन. हा देश एकच आहे ना?" आहे रे बाबा, एकच आहे. पण सुट्ट्या एक नाहीत.

सोपं आहे ते पटकन उरकते. जर्मनीत 16 राज्यं. देशभर सगळीकडे मिळणाऱ्या सुट्ट्या 9. त्यातली फक्त 3 ऑक्टोबरची, पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणाची, केंद्राने ठरवलेली आहे. बाकी सगळ्या राज्यांच्या कायद्यातल्या. गुड फ्रायडे, ईस्टर मंडे, नाताळचे दोन दिवस, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांचं एकमत, म्हणून त्या सगळ्यांना. झालं. भांडण उरलेल्या सुट्ट्यांवर आहे.

[स्क्रीनवर नकाशा: 31 ऑक्टोबर निळा, 1 नोव्हेंबर पिवळा]

31 ऑक्टोबर हा रिफॉर्मेशन डे, म्हणजे प्रोटेस्टंटांचा. 1 नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस, म्हणजे कॅथलिकांचा. आता नकाशा नीट बघा. दोन्ही सुट्ट्या देणारं एकही राज्य नाही! हेसन आणि बर्लिनला तर दोन्ही नाहीत, बिचारे.

आणि या तारखा शेजारी-शेजारी आल्या हा योगायोग नाही बरं का. विटेनबर्गच्या राजवाड्यातलं चर्च सर्व संतांच्याच नावाचं. त्या सणाला तिथे संतांचे अवशेष दर्शनाला मांडायचे, लोक पापक्षमेसाठी गर्दी करायचे. ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला, त्या मार्टिन लूथरचा आक्षेप नेमका या पापक्षमेच्या व्यापारावर. त्याने 31 ऑक्टोबर 1517 ला, म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी, आपले 95 मुद्दे पत्रासोबत पाठवले. कुणाला? माइन्त्सच्या आर्चबिशपला. मी राहते त्या माइन्त्सच्या! आमच्याकडे त्या पत्राच्या तारखेची सुट्टी नाही, दुसऱ्या दिवशीची आहे. पत्र कुणाला पटलं नव्हतं ते कळलं ना?

पुढे 1555 मध्ये आउग्सबुर्गला तह झाला. राजाचा जो पंथ, तोच प्रजेचा. आपल्याकडे म्हणतात ना, राजा बोले दल हाले, तसंच. सॅक्सनीचा राजा लूथरकडे, बव्हेरियाचा पोपकडे, आणि ज्याला पटत नाही त्याने गाव सोडावं. आजचा सुट्ट्यांचा नकाशा बराचसा तिथून आलाय.

म्हणून "सॅक्सनीतले लोक फार धार्मिक असतील ना, त्यांना जास्त सुट्ट्या आहेत" अशी कमेंट वाचली की मला राहवत नाही. अहो, सॅक्सनी ज्यात येतं त्या पूर्व जर्मनीत आज बहुसंख्य लोक कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत! माणसं चर्चमधून निघून गेली, सुट्टी कॅलेंडरात राहिली. सुट्टीचा रंग बघून आजच्या माणसाची श्रद्धा ओळखू नका. आणि उत्तरेकडच्या हॅम्बुर्ग, ब्रेमेन, लोअर सॅक्सनी, श्लेसविग-होल्श्टाइन या राज्यांनी तर रिफॉर्मेशन डे 2018 मध्ये घेतला. दक्षिणेपेक्षा आपल्याला सुट्ट्या कमी, ही त्यांची जुनी तक्रार होती. लूथरने ज्यूंविरुद्ध काय काय लिहिलंय ते आठवून तिथल्या ज्यू समाजाने या निवडीला विरोधही केला होता. तरी ठरलं तेच.

आता मुख्य मुद्दा. कान देऊन ऐका, कारण हे सांगूनही पुन्हा तेच विचारलं जातं. सुट्टी तुम्ही राहता कुठे यावर नाही, तुम्ही काम कुठे करता यावर आहे.

माझंच घ्या. घर माइन्त्समध्ये, म्हणजे ऱ्हाइनलांड-फाल्त्स राज्यात. ऑफिस फ्रँकफुर्टला, म्हणजे हेसनमध्ये. 1 नोव्हेंबरला आमच्याकडे दुकानं बंद, मुलीची शाळा बंद, नवरा माइन्त्समध्येच काम करतो म्हणून तो पांघरूण ओढून झोपलेला, आणि मी लोकल पकडून कामावर. लोकलमध्ये बसायला जागा मिळते एवढंच सुख. पलीकडच्या काठावर वीसबाडेन, तेही हेसनमध्ये, तिथे दुकानं उघडी. म्हणून अर्धं माइन्त्स त्या दिवशी खरेदीला तिकडे!

उलटं करून बघा. तुम्ही वीसबाडेनला राहता आणि माइन्त्समध्ये नोकरी करता? मग तुम्हाला सुट्टी. तुमच्या गल्लीत कुणालाही नाही, तुम्हाला आहे.

अजून कुणी विचारेल, "पण माझ्या कंपनीचं हेडऑफिस म्युनिकला आहे." असू दे की. तुम्ही हॅम्बुर्गच्या ऑफिसात बसत असाल तर हॅम्बुर्गच्या सुट्ट्या. आणि चार दिवस दुसऱ्या राज्यात ट्रेनिंगला पाठवलं तर? असंच एक प्रकरण थेट जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयात गेलं. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातला कर्मचारी, नेमका 1 नोव्हेंबरला ट्रेनिंगसाठी हेसनमध्ये. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायालयाने त्याच्या वेतनकरारानुसार सांगितलं की नेहमीचं कामाचं ठिकाण धरायचं, म्हणून त्याला सुट्टीच्या कामाचा जादा भत्ता मिळाला. तुमचं दोन दिवस घरून, तीन दिवस ऑफिसातून असं असेल आणि मध्ये राज्याची हद्द येत असेल, तर करारात कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते वाचा आणि एचआरकडून लेखी घ्या. माझ्या कमेंटचा स्क्रीनशॉट मॅनेजरला दाखवू नका, प्लीज!

बरं, आता 15 ऑगस्ट. मागच्या व्हिडिओखाली एका दादांची अभिमानाने कमेंट: "म्युनिकमध्ये 15 ऑगस्टला सुट्टी असते, जर्मनी भारताला किती मान देते बघा!" त्याखालीच वसईच्या एका ताईंनी शांतपणे लिहिलं होतं, "दादा, तो मरिया मातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आहे. आमच्याकडे त्या दिवशी मिस्सा पण होते आणि झेंडावंदन पण." तर ही सुट्टी झारलांड राज्यात सगळीकडे आहे. म्युनिकच्या बव्हेरियात मात्र गावागावावर आहे! जिथे प्रोटेस्टंटांपेक्षा कॅथलिक जास्त, तिथेच. हे जनगणनेच्या आकड्यांवरून ठरतं. 2056 गावं-शहरांपैकी सुमारे 1700 ठिकाणी सुट्टी. म्युनिकला आहे, बायरॉइटला नाही. सगळीकडे जुन्या राजांचा हिशोब, इथे मात्र डोकी मोजायची.

त्याच बव्हेरियातलं आउग्सबुर्ग तर वेगळंच. तिथे 8 ऑगस्टला फक्त त्या एका शहराची सुट्टी. 1629 मध्ये याच तारखेला तिथल्या प्रोटेस्टंटांची उपासना बंद पाडली होती. कॅथलिक-प्रोटेस्टंटांचं तीस वर्षांचं युद्ध संपल्यावर त्यांनी 1650 पासून हा शांतीचा सण सुरू केला. आता दोन्ही पंथ मिळून साजरा करतात. 15 ऑगस्टही धरून त्यांच्या सुट्ट्या 14, देशात सर्वांत जास्त. बर्लिनला 10. हिंजवडीकरांनो, क्लायंट आउग्सबुर्गचा असेल तर ऑगस्टमध्ये डिलिव्हरी ठेवू नका.

अहिल्यानगरच्या एका प्रोटेस्टंट कुटुंबातल्या मुलाने विचारलंय, पश्चात्ताप आणि प्रार्थनेच्या बुधवारी फक्त सॅक्सनीतच सुट्टी का? नोव्हेंबरमधला हा बुधवार आधी सगळीकडे होता. 1995 मध्ये वृद्ध आणि आजारी लोकांच्या देखभालीसाठी विमा सुरू झाला. मालकांवर त्याचा खर्च पडणार, तो भरून काढायला राज्यांनी एक सुट्टी सोडली. सॅक्सनीने सोडली नाही. म्हणून तिथला कर्मचारी त्या विम्याला पगारातून इतरांपेक्षा अर्धा टक्का जास्त भरतो आणि मालक तेवढा कमी. सुट्टी फुकट नाही, दर महिन्याच्या पगारपत्रकावर दिसते!

आमच्या शेजारच्या आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी प्रोटेस्टंट शेतकरी कॉर्पस क्रिस्तीच्या दिवशी, कॅथलिकांची मिरवणूक निघाली की, मुद्दाम शेतात शेणखत पसरायचे. आणि कॅथलिक बायका गुड फ्रायडेला धुणं वाळत घालायच्या, प्रोटेस्टंटांच्या नाकावर टिच्चून. किती खरं, किती मीठमसाला, ते आजीच जाणे. सांगताना हसतात मात्र खूप.

अजून एक. सुट्टी शनिवार-रविवारी आली तर बदली मिळत नाही. 2026 मध्ये 31 ऑक्टोबर शनिवारी आणि 1 नोव्हेंबर रविवारी येतोय. कॅथलिक असो की प्रोटेस्टंट, सोमवार-शुक्रवारवाल्यांना काहीच नाही. त्या वर्षी मला हा प्रश्न विचारूच नका! ऑस्ट्रियाचं पुढच्या व्हिडिओत सांगते, तिथे 2019 पर्यंत गुड फ्रायडेची सुट्टी फक्त प्रोटेस्टंट आणि इतर काही छोट्या पंथांच्या लोकांनाच होती आणि प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. तोवर कमेंटमध्ये शहर लिहाल तेव्हा राहण्याचं नको, कामाचं लिहा.