फॉक्सट्रॉटचं पहिलं पाऊल

(दृश्य: कोट्याच्या फरशीवर दोन जोडी बूट. संगीत नाही, फक्त पावलांचा आवाज.)

बडोद्यातली पावलं गरब्यात तयार झालेली असतात. भार चवड्यावर, गुडघ्यात लचक, टाळीबरोबर छोटी उसळी. दांडिया बाजारातल्या या हॉलमध्ये फॉक्सट्रॉट शिकताना सगळ्यात आधी सोडायची ती ही उसळी. १९१४च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये रुजलेला हा जोडीचा नाच म्हणजे तालावरचं चालणं, आणि चालायचं टाचेपासून.

पुरुषाचं डावं पाऊल पुढे: टाच टेकते, मग तळवा. उजवं पुढे, तसंच. मग डावं बाजूला, उजवं त्याला जुळवून. स्लो, स्लो, क्विक, क्विक. स्लोला दोन मात्रा, क्विकला एक.

स्त्रीचं उजवं मागे, डावं मागे, उजवं बाजूला, डावं जुळवून. मागे जाताना आधी बोटं, मग चवडा, टाच शेवटी. पाय मांडीपासून मागे न्यायचा. नुसता गुडघा दुमडला की पाऊल तोकडं पडतं आणि जोडीदाराचा बूट थेट बोटांवर येतो.

(दृश्य: जुळणारी पावलं, अगदी जवळून.)

नवशिके अडतात ते इथे. शेवटच्या क्विकला पुरुषाने उजवं पाऊल नुसतं टेकवलं, त्यावर वजन दिलं नाही, तर भार डाव्यावरच राहतो. पुढचं पाऊल तर डाव्यानेच टाकायचंय! जुळवल्यावर डावी टाच सहज उचलली जाते का, एवढं दर वेळी तपासा.

आता मोजणी. या चार पावलांची चाल सहा मात्रांची, संगीत चार-चार मात्रांचं. त्यामुळे दुसऱ्यांदा चाल सुरू होते ती तिसऱ्या मात्रेवर. तबला ऐकत वाढलेला कान दचकतो, आपण चुकलो असं वाटतं. चुकलेलं काही नसतं. दोनदा चाल झाली की बारा मात्रा भरतात आणि सम पुन्हा सापडते. स्पर्धेतली लय मिनिटाला चार मात्रांच्या २८ ते ३० आवर्तनांची. फार संथ गाणं मुद्दाम शोधू नका, त्यात तोल सांभाळणं उलट अवघड जातं.

(दृश्य: जोडी फेरी घेते.)

स्त्री पुरुषाच्या किंचित उजवीकडे उभी राहते, म्हणजे त्याच्या उजव्या पावलाला तिच्या दोन पावलांमध्ये वाट मिळते. फेरी देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट, भिंत उजव्या हाताला. कोपरा आला की पुरुषाने डावं पुढे टाकावं, भार मागे उजव्यावर घ्यावा आणि दोन क्विकमध्ये पाव वळण डावीकडे. समोर पुन्हा मोकळी फरशी.