पैठण : गोदाकाठची माणसं

(दृश्य : नागघाट. सकाळची आंघोळीची गडबड, मागे जुन्या वाड्यांच्या विटांच्या भिंती.)

दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने नोंद करून ठेवली आहे. भडोचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण नावाचं शहर आहे, आणि तिथून अकीक जातीचे दगड गाड्या भरभरून बंदरावर येतात. सातवाहनांची ही राजधानी. राजांची नावं नाण्यांवर आणि लेण्यांत सापडतात. दगड फोडणाऱ्यांची, मणी घासणाऱ्यांची, गाड्या हाकणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत.

लोककथेने मात्र ही कसर थोडी भरून काढली. शालिवाहन राजा कुंभाराच्या घरी वाढला, मातीचे हत्ती-घोडे करून खेळला आणि वेळ आली तेव्हा त्याच मातीच्या सैन्यात जीव फुंकून लढाई जिंकला, असं इथे सांगतात. इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही. पण पैठणच्या मातीतून निघालेल्या भाजक्या मूर्ती इथल्या बाळासाहेब पाटील संग्रहालयात पाहिल्या की कथेला कुंभारच का हवा होता, ते कळतं.

(दृश्य : जुन्या पैठणची अरुंद गल्ली.)

यादवांच्या काळात पैठणची खरी ताकद होती निवाड्याची. धर्माचा पेच पडला की लोक इथल्या ब्रह्मसभेकडे येत. संन्याशाची मुलं म्हणून वाळीत पडलेली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही भावंडं आळंदीहून शुद्धिपत्र मागायला आली ती इथेच. रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा इथल्या नागघाटाशी जोडलेली आहे. महानुभावांचे चक्रधर स्वामीही पैठणला राहून गेले.

निवाडे देणाऱ्या या विद्वानांतलं एक भट्ट घराणं सोळाव्या शतकात काशीला गेलं. तिथे विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभारण्यात ज्यांचं नाव घेतलं जातं ते नारायण भट्ट याच घराण्यातले. आणि १६७४ मध्ये रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक करणारे गागाभट्टही. काशीचे पंडित म्हणून आपण त्यांना ओळखतो. मूळ गाव पैठण.

(दृश्य : गावातला नाथवाडा. देवघर, ओसरी.)

त्याच सोळाव्या शतकात गावातच राहिलेला एक ब्राह्मण गृहस्थ वेगळंच काही करत होता. एकनाथ महाराज. देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य.

नाथांचं एक काम मला त्यांच्या चमत्कारांपेक्षा मोठं वाटतं. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षं होत आली होती. नकला करणाऱ्यांनी शब्द बदलले होते, कुणी पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी पोथ्या जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी तंबीही दिली : यात जो स्वतःची ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. ज्या ज्ञानदेवांना या गावाने उंबऱ्यावर उभं केलं, त्यांचा ग्रंथ याच गावातल्या माणसाने निस्तरला.

आणि भारुडं! त्यांत नाथ स्वतःच्या आवाजात बोलतच नाहीत. कधी वासुदेव होतात, कधी जोशी, गोंधळी, कधी महार. हिंदू आणि तुर्क यांचं भांडणही त्यांनी रचलं, दोघांनाही एकमेकांच्या उणिवा काढू दिल्या आणि शेवटी समेट घडवला. गावगाड्यात जो जिथे उभा होता, तिथूनच त्याला बोलू दिलं. गावाला हे रुचलं, असं कुणी समजू नये. श्राद्धाचं अन्न महारांना वाढलं म्हणून ब्रह्मवृंद रागावल्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा हरिपंडित वडिलांच्या मराठी पुराणावर रुसून काशीला गेला, असंही सांगतात. मुलीचा मुलगा मुक्तेश्वर मात्र मराठीचा मोठा कवी झाला.

आजही फाल्गुन वद्य षष्ठीला दिंड्या येतात. गाव तीन दिवस पुरत नाही.

(दृश्य : माग. विणणारीच्या बोटांचा जवळून शॉट.)

पैठणीचं रेशीम बेंगळुरूकडचं, जरीचे धागे सुरतेचे. पैठणचं यात काय? ही बोटं. बांगडी मोराच्या पदरात जितके रंग, तितक्या वेगळ्या धाग्याच्या कांड्या. मोराची मान आली की एक कांडी सोडायची, दुसरी उचलायची, दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवायचे आणि पुढे जायचं. म्हणून अस्सल पैठणी उलटीकडूनही सुलटीसारखीच दिसते, मागे लोंबते धागे नाहीत. भरजरी पदराला महिनेच्या महिने जातात.

साळी, कोष्टी, खत्री अशा विणकर समाजांनी ही कला सांभाळली. राजे गेले, पेशवाई गेली, निजामाचा आश्रय संपला, तसे मागही कमी झाले. आज सर्वाधिक माग आहेत येवल्यात. नाव पैठणचं, बाजार येवल्याचा. सरकारी केंद्रामुळे पैठणमध्ये खटखट पुन्हा सुरू झाली. आता मागावर बायाही दिसतात.

(दृश्य : धरणाची भिंत, दरवाजे, पलीकडे क्षितिजापर्यंत पाणी.)

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी कोनशिला बसवली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. त्या वेळी मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, जन्माने पैठणचेच. गंमत अशी की धरण पैठणला, पण नाव जायकवाडी. मूळ जागा बीड जिल्ह्यातल्या त्या गावाजवळ ठरली होती. जागा बदलली, नाव राहिलं. जलाशयाला मात्र नाथसागर म्हणतात.

या पाण्याखाली कित्येक गावं गेली. काठची काळी, कसदार जमीन गेली. तिथली माणसं नव्या गावठाणांत विखुरली. दुसरीकडे याच पाण्यावर संभाजीनगर आणि जालन्याची तहान भागते, कारखाने चालतात, उसाचे फड उभे राहतात, भोई जाळी टाकतात.

नाशिक-अहिल्यानगरची धरणं वर, जायकवाडी खाली. पंधरा ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा पासष्ट टक्क्यांच्या खाली असला, तर वरच्या धरणांनी पाणी सोडावं, असा नियम २०१४ मध्ये ठरला. पाऊस कमी झाला की दोन्हीकडे मोर्चे निघतात, प्रकरण कोर्टात जातं. एके काळी अवघ्या मुलखाला निवाडे देणारं हे गाव आता पाण्याच्या निवाड्यासाठी मुंबईकडे बघत बसतं.